बारोनेने आज किती पानं खाल्ली

मिल्ड्युरा, ऑस्ट्रेलिया, ११ ऑगस्ट

रोमिना,

तुझा सरडा जिवंत आहे. हे सगळ्यात आधी लिही असं पिनाला सांगितलं, म्हणजे पुढचं तू निदान वाचशील.

अक्षर पिनाचं, बोलणं माझं. पस्तीस वर्षं पोस्टात बसून या बाईने दुनियेची पत्रं वाटली, आणि आता समोरच्या घरातून उठून माझं एक लिहायला आली तर म्हणते, "नुन्झियाता, हळू बोल, मनगट दुखतं." मी म्हटलं, बोलते मी, दुखायची तर माझी जीभ दुखेल, तुझ्या मनगटाचं काय? लिहिलंस का हे, पिना? लिही. मी आपल्या इटालियन बोलीत सांगते, ती इंग्रजीत उतरवते. मध्येच कुठे फार गोड वाटलं तर ते तिच्या पदरचं समज.

फोन तू उचलत नाहीस. उचलते ती यंत्रातली बाई. ती इंग्रजीत काहीतरी सांगते आणि मी तोंड उघडायच्या आत पीं करते. तिचं माझं जमत नाही. म्हणून पत्र.

थंडीभर बारोने झोपला. झोपेल हे तू सांगून गेली होतीस, पण इतका? मे महिन्यात त्या लाकडाखाली शिरला तो काल उठला. मधल्या काळात दर रविवारी चर्चमधून मिस्साहून आले की मी त्याच्या शेपटीला बोट लावायचे. शेपटी हलली की हुश्श करून मक्याचा पोलेंटा ढवळायला जायचे.

त्याच्या काचेच्या पेटीवर तू जाताना चिकटवलेला कागद पिनाने मला परत वाचून दाखवला. "ॲडलेडला सरडा पाळायचा परवाना आला की मी स्वतः येऊन याला नेईन. तोवर अळ्या बंद, आठवड्याला दोन-चार पुरे. रोज हिरवा पाला. याच्या यकृतावर चरबी चढली आहे, पाला खाल्ला नाही तर हा वर्ष काढणार नाही." माझं नाव त्यावर कुठे नाही. 'प्रिय' नाही, 'नोन्ना' नाही, आजी म्हणून एक शब्द नाही. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी कागद चिकटवून गेलीस. बरं.

मला त्यातलं एवढंच कळलं: हा जगला तर तू या दारात येशील. मेला तर यायला तुला कारण काय? मी काही कारण नाही, ते तू मार्चमध्ये सांगून गेलीस.

काल तो उठला म्हणून मी त्याला चिकोरीची पालेभाजी केली. नीट केली. उकडली, पिळली, लसणावर परतली, वरून तेल. त्याने एक डोळा भाजीवर ठेवला, एक माझ्यावर, आणि दोन्ही मिटले. या घरात माझी भाजी नाकारणारा हा दुसरा. पहिली तुझी आई.

खालची फुली माझ्या हातची आहे. ती तरी पिनाची नाही.

नोन्ना

२५ ऑगस्ट

रोमिना,

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. पिनाने गाडी चालवली, मी बारोनेला टोपलीत घालून मांडीवर धरला, आणि त्याने माझ्या काळ्या स्कर्टवर जे करायचं ते केलं.

"खायला काय देता?" बाईंनी विचारलं. पिनाने सांगितलं.

"लसूण?" बाई म्हणाल्या. "तेल?"

"मीठ अगदी बेतानं घातलं होतं," मी म्हटलं. पिनाने ते सांगितलं नाही. मला इंग्रजी येत नाही म्हणून पिना काय गाळते ते कळत नाही असं नाही.

तर आता पाला कच्चा. बारीक चिरलेला. सकाळी, तो दिव्याखाली तापून हलायला लागला की लगेच. पालक देऊ नका, त्याने हाडं मऊ पडतात. चिकोरी चांगली, रानातली पिवळी फुलं चांगली. वजन केलं तर सहाशे चाळीस ग्रॅम. बाईंनी त्याला उताणा केला, पोट दाबलं आणि मान हलवली. म्हणाल्या, "अळ्या म्हणजे याला केक आहे. हा केकवर वाढलाय." केक कोणी भरवला ते मी विचारलं नाही. पिनाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

बाईंनी सांगितलेली युक्ती करून पाहिली. चिरलेल्या पाल्यात चार अळ्या सोडायच्या, म्हणजे अळीसाठी तोंड घातलं की पाला आपसूक पोटात. त्याने अळ्या अशा वेचल्या जसे तुझे नोन्नो सूपमधली गाजरं वेचायचे. एक पान ओठाला चिकटलं, ते त्याने दगडाला पुसलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, रोमिना. पुसलं.

तुझ्या बापाचा ब्रिस्बेनहून फोन आला होता. म्हणतो, "आई, सोडून दे ना त्याला कुंपणाबाहेर. खांबाखांबावर त्याचे भाऊबंद बसलेत."

मी म्हटलं, "हा दिव्याखाली वाढलाय. बाहेर ससाणा याला न्याहारीला नेईल. आणि पोरीला काय सांगू?"

"तिला सांगतंय कोण?"

आपल्या घरातले पुरुष असेच. न सांगण्यात हुशार.

उद्यापासून अळ्या बंद. सगळ्या. बघू कोण आधी वाकतं.

नोन्ना

६ सप्टेंबर

रोमिना,

बारोने मजेत आहे. पाला खातो. हवा चांगली आहे. द्राक्षांना कोंब फुटले.

नोन्ना

*रोमिना, हे खालचं मी माझ्या मनाने लिहिते आहे. ती समोर बसली आहे, तिला वाटतंय मी पत्ता लिहिते. तुझ्या नोन्नाने तुला खोटं सांगितलं. बारोनेने अकरा दिवसांत काही खाल्लेलं नाही. त्याची हनुवटीखालची काटेरी दाढी काळी पडली आहे. ती म्हणते, "याने माझ्यासारखं सुतक धरलंय," आणि हसते, पण सकाळी सकाळी मी आले तर ती त्या पेटीसमोर स्टूल टाकून कच्ची चिकोरी चावत होती, त्याला दाखवायला. दात नाहीत तिला मागचे. एकदा फोन कर. — पिना*

१९ सप्टेंबर

रोमिना,

पत्ता लिहायला इतका वेळ लागत नाही. मला अक्षर येत नसलं तरी पेन किती वेळ चाललं ते दिसतं.

तू फोन केलास. पिनाला. दीड मैलावर नाही, रस्त्यापलीकडच्या घरात फोन वाजला आणि माझ्या घरात नाही. पिना धावत आली, "रोमिनाने विचारलंय, तो कसा आहे?" तो कसा आहे. मी म्हटलं, ती कशी आहे ते विचारलंस का? नव्हतं विचारलं.

मग मी तिला बोलले. हातात ताटली होती पाल्याची, ती तशीच पेटीत ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून कमरेवर हात ठेवून तिला झाडलं. "पोस्टात होतीस तेव्हाही लोकांची पाकिटं वाफेवर धरायचीस का? माझ्या तोंडचं लिहायचं म्हणून बोलावलं तर तू माझ्या नाकाखाली चुगली करतेस? तुझ्या लग्नात मी दोनशे माणसांच्या बटाट्याच्या न्योक्की वळल्या—"

"नुन्झियाता," पिना म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस!"

"नुन्झियाता, मागे बघ. नको, नको बघूस!"

करकर, करकर आवाज येत होता. मी वळले नाही. तशीच उभी राहिले आणि बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही, तिच्या दिवंगत सासूलाही सोडलं नाही. पिना माझ्या खांद्यावरून बघत बोटांनी मोजत होती. एक. दोन. तीन पानं! चौथं अर्धं.

या गृहस्थाला जेवताना कोणी बघितलेलं चालत नाही. एवढीच गोष्ट होती. मी तीन आठवडे त्याच्या तोंडासमोर स्टूल टाकून बसले होते. लहानपणी तूही तशीच होतीस, टेबलाखाली बसून खायचीस. मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

पिनाशी भांडण मिटलं आहे. पण रोज सकाळी साडेनऊला ती येते आणि मी पेटीकडे पाठ करून तिच्याशी भांडते. विषय पुरतात.

नोन्ना

३ ऑक्टोबर

रोमिना,

सोमवारी पाच पानं. मंगळवारी सहा आणि एक पिवळं फूल. काल आठ. दाढी पुन्हा वाळूसारखी पिवळी झाली. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, पाचशे नव्वद. म्हणाल्या, असाच राहिला तर नाताळपर्यंत निम्मी चरबी उतरेल. मला म्हणाल्या, "तुम्ही केलंत तरी काय?" पिनाने सांगितलं, "ती मला शिव्या देते." बाईंना वाटलं भाषांतर चुकलं.

चिकोरी मांडवाखालची देते. तीच कोवळी आहे, द्राक्षाच्या सावलीतली.

मांडवाचं सगळं मीच केलं या वर्षी. छाटणी केली, सोमवारी मोरचूद-चुन्याचं निळं औषधही मारलं. तुझे नोन्नो असते तर म्हणाले असते, तू शिडीवर चढू नकोस. नाहीत, तर चढले. पितळी पंप पाठीवर घेतला तेव्हा त्याचा पट्टा त्यांच्या खांद्याच्या मापाचा होता, मला गुडघ्यापर्यंत आला. पिनाने गाठ मारून दिली. दोघी हसलो, मग एकीने हसणं थांबवलं.

आता बोलतेच. पिना, थांबू नकोस, लिही.

मार्चमध्ये द्राक्षं वाळत घातली होती. त्या सकाळी ते तुला म्हणाले, छातीत दुखतंय, नोन्नाला सांगू नकोस, ती मला पलंगाला बांधेल. तू सांगितलं नाहीस. कामावर गेलीस. दुपारी ते द्राक्षांच्या ओळीत पडले, मी पाण्याची बाटली घेऊन गेले तेव्हा टोपी एकीकडे आणि ते एकीकडे. हे तू मला रात्री रडत सांगितलंस, आणि तिसऱ्या दिवशी कबरीपाशी मी सगळ्या गावासमोर म्हटलं, "हिने तोंड मिटून माझ्या माणसाला मारलं."

बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर तर नकोच. पण खोटं बोलले असं मला अजून वाटत नाही. एक शब्द, रोमिना. तुला एक शब्द बोलायचा होता.

पिना म्हणते, हे पाठवू नकोस. पाठव.

नोन्ना

९ ऑक्टोबर

रोमिना,

काहीतरी झालंय.

परवा त्याने पाला ओकून टाकला. काल दिवसभर दिव्याखाली गेला नाही, कोपऱ्यात चपटा पडून राहिला. दाढी कोळशासारखी काळी. आज सकाळी मी उचलला तर मान माझ्या मनगटावर टाकली, ओल्या फडक्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी सुई लावली आहे, तिथेच ठेवून घेतलाय. म्हणाल्या, कशाने ते कळल्याशिवाय नेमकं औषध देता येत नाही. त्यांनी विचारलं, "खाण्यात काही नवीन? कसली फवारणी?" सांगितलं, नेहमीचंच आहे.

पिनाला बरं नाही, ती लवकर घरी जाते म्हणते. पत्र इथेच थांबवते.

नोन्ना

१० ऑक्टोबर

रोमिना,

पिनाला काल काही झालं नव्हतं. मीच तिला घालवलं.

काल मी डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलले. निघायच्या आधी त्याची ताटली धुवायला घेतली तेव्हा उरलेल्या पानाच्या देठापाशी, त्या खाचेत, निळं दिसलं. हिरव्यावर निळं. साठ वर्षं बघतेय तो रंग, त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरवर तो होता. मला लगेच कळलं.

तुझे नोन्नो फवारायच्या आधी खालच्या वाफ्यांवर जुन्या चादरी घालायचे. मग म्हणायचे, "दोन पाऊस होईपर्यंत इथलं तोडायचं नाही." मी कधी कारण विचारलं नाही. चादरी धुवायचं माझ्याकडे होतं, म्हणून मला वाटायचं त्यांना चादरी खराब करायची हौस आहे. या वर्षी पंप मी उचलला, चादरी विसरले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथलाच पाला खुडून त्याला घातला. पाण्याखाली धरला होता. तेवढ्याने ते जात नाही. आणि मी तुला कळवत होते, पाच पानं, सहा पानं, आठ पानं.

हे सगळं माहीत असून मी त्या टेबलापाशी उभी होते. बाईंनी विचारलं. पिनाने ते मला आपल्या बोलीत सांगितलं, "फवारणी?" माझं तोंड उघडेना. मला दिसत होतं की हे पिना लिहिणार, तू वाचणार, आणि म्हणणार, हिला माझा सरडासुद्धा सांभाळता आला नाही. मी म्हटलं, "नेहमीचंच." तो माझ्यासमोर पडला होता. एका शब्दाचं काम होतं.

काल दुपारभर तो विष पोटात घेऊन पडून राहिला आणि मी घरी येऊन तुला पत्र सांगितलं. त्या पत्रातही बोलले नाही.

आज दवाखाना उघडायच्या आधी मी दारात होते. पिनाला घेतलं नाही, दोन मैल चालत गेले. बाई आल्या. मी खिशातून ते पान काढून दाखवलं, पाठीवर पंप असल्यासारखा हात हलवला, आणि म्हटलं, "मी. मी." दोनच शब्द इंग्रजी. त्यांना कळलं. त्या ओरडल्या नाहीत, धावत आत गेल्या. आता विष बांधून बाहेर काढणारं औषध चालू आहे. मागून पिना मला शोधत आली, तिच्याकरवी बाई एवढंच म्हणाल्या, काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जगेल का, विचारलं. हाताने असं केलं, इकडे-तिकडे.

तर रोमिना. तू त्या सकाळी गप्प राहिलीस ती त्यांच्या शब्दाखातर. मी काल गप्प राहिले ती माझं नाक वर राहावं म्हणून. कबरीपाशी मी जे बोलले ते मी परत घेते. चिडून बोलले म्हणून नाही, ते चूक होतं म्हणून. सगळ्यांसमोर बोलले होते, तेव्हा सगळ्यांसमोर परत घेईन. रविवारी मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या पायरीवर.

पिना रडतेय, म्हणून अक्षर असं आलंय. मी नाही रडत. मला दवाखान्यात जायचंय.

नोन्ना

३ नोव्हेंबर

रोमिना,

तो जगला. आधी हे.

चौदा दिवस बाईंकडे होता. आता घरी आहे, पण स्वतः तोंड उघडत नाही. पिचकारीने भोपळ्याचा लगदा ओठाच्या कडेने भरवते, दिवसातून तीनदा. अर्धा त्याच्या पोटात, अर्धा माझ्या बाहीत. पाठ करून पिनाशी भांडून पाहिलं. घसा बसेपर्यंत भांडले. ताटलीकडे ढुंकून पाहत नाही. हिरव्या रंगाचीच त्याला धास्ती बसलीय, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

पायरीवरचं झालं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मार्चमध्ये माझ्या कोसिमोच्या कबरीपाशी मी माझ्या नातीला जे बोलले ते खोटं होतं. ती गुन्हेगार नाही. मी जीभ सैल सोडली." सगळे थांबले. मग ती तेरेझिना, कानाला यंत्र लावते पण चालू करत नाही, ती मागून म्हणते, "काय म्हणाली? मोठ्याने बोल गं, ऐकू नाही आलं." तिने यंत्र चालू केलं आणि मला सगळं दोनदा बोलावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं. तेरेझिनाने मान डोलावली आणि म्हणाली, "पोरीला सांगितलंस का?" मी म्हटलं, पिनाने लिहिलंय. "लिहून काय होतं," म्हणाली, आणि यंत्र बंद करून गेली.

तुझं पत्र आलं. सहा ओळी. पिनाने दोनदा वाचल्या, मला वाटलं उलट बाजूलाही काही असेल. परवाना आला. अठरा तारखेला तुझी मैत्रीण शॅनन गाडी घेऊन इकडे येतेय, तिच्यासोबत त्याला पाठवून द्यावं, जर तो स्वतःहून खात असेल तर. खात नसेल तर त्याला हलवता येणार नाही, "मग मी रजा काढून येईन आणि तिथेच राहून त्याचं बघेन."

माझ्या पत्राबद्दल काही नाही. कबरीबद्दल नाही, पायरीबद्दल नाही. मी तक्रार करत नाही. सांगतेय.

तर आता असं आहे. त्याने खाल्लं तर शॅनन. नाही खाल्लं तर तू. मी रोज तीन वेळा पिचकारी भरते आणि त्याच्या तोंडाशी नेते, आणि मला माहीत नसतं मी कशासाठी प्रार्थना करतेय.

नोन्ना

१२ नोव्हेंबर

रोमिना,

आज सकाळी बारोनेने सात पानं खाल्ली.

पिनाने पेन खाली ठेवलंय. म्हणते, "हे लिहू नकोस. अजून खात नाही असं लिहू. चार दिवसांचा प्रश्न आहे, पोरगी येईल, एकदा दारात आली की पुढचं देव बघेल."

"पिना, लिही."

"तू वेडी आहेस. आठ महिने झाले तू तिच्या खोलीतली चादर बदलतेस. कोणासाठी?"

"सात लिही."

"मी माझ्या मनाने वेगळं लिहीन. मागे लिहिलं होतं."

"मग मी हे पत्र डॉक्टरीणबाईंकडून वाचून घेईन. मला इंग्रजीतले आकडे कळतात."

लिहिलं तिने. तरी मी बाईंकडे नेणार आहे, पोस्टातल्या माणसांचा काही भरवसा नाही.

कसं झालं ते सांगते. परवा सकाळी पिचकारी भरून बसले होते, तो मांडीवर. एप्रनच्या खिशात भोपळ्याची फुलं होती, तळायला खुडलेली. मी डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली, तर हा मान वळवून खिशाकडे बघतोय. मी हललेच नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. पाय टाकत टाकत पोटावर चढला आणि पिवळं फूल खेचून काढलं, देठासकट. माझ्या देखत खाल्लं, मी डोळे उघडे ठेवून बघत असताना. मग दुसरं. काल फुलात चिकोरीचं पान गुंडाळून दिलं, तेही गेलं. आज नुसती पानं. ही चिकोरी कुंपणापलीकडच्या वाफ्यातली आहे, मांडवापासून लांब, पहिलं पान मी स्वतः खाऊन दोन तास थांबले. मांडवाखालचं सगळं उपटून टाकलं. माती तशीच उघडी पडलीय.

मला फुलं नेऊन परत ठेवता आली असती. पिचकारीच पुढे करता आली असती. तसं मनात आलं नाही असं म्हणणार नाही, पिनाने नंतर म्हटलं ते मी आधीच म्हणून चुकले होते, फक्त मोठ्याने नाही. पण मी परत तोंड मिटून बसले असते तर मग तू आल्यावर तुझ्याशी कोणत्या तोंडाने बोलले असते?

तेव्हा तो खातोय. स्वतःहून, पोटभर, डोळ्यांत चमक आहे. शॅननला येऊ दे.

तिला सांग, पेटी उन्हाच्या काचेला टेकवायची नाही, आणि वाटेत गाणी मोठी लावायची नाहीत. पोचल्यावर दोन दिवस रुसेल, घाबरू नकोस. आधी पिवळं दे, मग हिरवं. अळ्या मागेल, डोळे मोठे करून बघेल, तुझ्याकडून त्याला सवय आहे, देऊ नकोस. मंगळवारी एक. फार तर दोन.

पाला सोबत देता येत नाही, ताजी भाजी-फळं सीमेवरच्या नाक्यावर काढून टाकतात, तुला माहीत आहे. तिकडे स्वतः पेर. परसात जागा नसली तर कुंडीत येते. फवारलेलं विकत आणू नकोस. हे मी सांगतेय, मला माहिती आहे.

बरणी चालते नाक्यावर. विचारून घेतलं पिनाने, शिजवलेलं, तेलातलं काढून घेत नाहीत. म्हणून पेटीच्या शेजारी कापडात बांधून एक बरणी ठेवली आहे, वांग्याची, तुला लागते तशी, मिरची जास्त. ती त्याची नाही. त्याच्यापुढे उघडू नकोस, त्यात लसूण आहे. तू खा.

नोन्ना